खानेसुमारींत न सांपडलेला रोग

२०२४ सालच्या डिसेंबर अखेरीस बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत एक विलक्षण प्रकार घडूं लागला. बोंडगांव, कालवड, हिंगणा अशा, पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत वसलेल्या खेड्यांत धडधाकट माणसांचे केस मुठीमुठीनें हातीं येऊं लागले आणि तीन-चार दिवसांत कित्येकांच्या डोक्यांचा तुळतुळीत गोटा झाला. जानेवारी उजाडतांच वैद्यकीय पथकें आलीं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ आले, आणि विहिरींचें पाणी, घरांतील धान्य, रोग्यांचें रक्त व केस हें सर्व तपासण्यांत आलें. अठरा खेडीं मिळून रोग्यांची संख्या २७९ भरली. विंचूदंशावरील संशोधनानें नांवाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रोग्यांच्या रक्तांत सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण भलतेंच वाढल्याचें दाखविलें, आणि स्वस्त धान्याच्या दुकानांतील गव्हाकडे बोट केलें. पुढें बहुतेकांचे केस परत येऊंही लागले. परंतु मधल्या थोड्याशा काळांत जमत आलेलीं लग्नें फिसकटल्याच्या बातम्या श्रोत्यांनीं वाचल्या असतील.

जे केस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हां उगवावयाचे होते, त्यांच्यापायीं एवढें घडलें. मग ज्यांची कातडीच जन्मापासून निराळी असते, जी औषधानें जात नाहीं व काळानेंही पालटत नाहीं, त्यांची काय गत होत असेल? तीनशें लोकांना एकदम जडलेली व्याधि सरकारदरबारीं पोंचते. एका घरांत एकाच मुलाला जन्मतः असलेली व्याधि मात्र उंबरठ्याच्या आंतच राहते. तिच्यासाठीं पथक येत नाहीं, विहिरीचें पाणी कोणी बाटलींत भरून नेत नाहीं. या व्याधींचा इतिहास म्हणूनच तुटक आहे. तो दूरदूरच्या दप्तरांतून वेंचून घ्यावा लागतो, आणि त्याचे दोन-तीन महत्त्वाचे धागे आपल्याच मुलखांतून जातात.

या रोगांचें मूळ समजण्यास कातडीची रचना थोडी ध्यानांत घ्यावी लागते. कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे विटांची भिंत होय. मेलेल्या, चपट्या पेशी या विटा. आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. ही भिंत आंतलें पाणी आंत ठेवते आणि बाहेरचे जंतु बाहेर. चुना कमी पडला कीं विटा गळून पडत नाहींत, उलट थरावर थर सांचत जातात आणि कातडीवर माशासारखे खवले दिसूं लागतात. या रोगसमूहास ग्रीक भाषेंतील माशाच्या नांवावरून ‘इक्थिऑसिस’ म्हणतात. कांहीं मुलांत भिंत व तिचा पाया यांना जखडून ठेवणारे दोरच कच्चे असतात. तेथें नुसतें अंग घांसलें तरी फोड येऊन साल निघते. या रोगास ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ असें लांबलचक नांव आहे. आणखी कांहींत केस, दांत व घामाच्या ग्रंथि धडपणें तयारच होत नाहींत. यांपैकीं एकही रोग संसर्गानें पसरत नाहीं. शेजारीं बसल्यानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा कपडे घातल्यानें तो दुसऱ्यास होत नाहीं.

आपल्या जुन्या वैद्यांना खवल्यांची कातडी अनोळखी नव्हती. चरकानें कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, त्यांतील ‘एककुष्ठ’ हें घाम न येणारें व माशाच्या खवल्यांसारखें असल्याचें तो नोंदवितो. दुसऱ्या एका प्रकारास त्यानें हत्तीच्या चामड्याची उपमा दिली आहे. घाम न येणें आणि खवले हीं दोन लक्षणें त्यानें एकत्र पाहिलीं हें विशेष आहे. त्याहूनही विशेष म्हणजे शारीरस्थानांत त्यानें मांडलेला विचार. आईबापांच्या बीजाचा जो भाग दूषित असेल, त्या भागापासून होणारा अवयवच संततींत विकृत होतो; सबंध बीज दूषित असण्याचें कारण नाहीं, असें त्याचें म्हणणें आहे. आंधळ्या आईबापांचीं मुलें डोळस कां निपजतात, या प्रश्नाचें उत्तर त्यानें असें दिलें. आजच्या अनुवंशशास्त्रज्ञासही या मांडणींत फारसें हसण्यासारखें कांहीं सांपडणार नाहीं.

पण त्याच ग्रंथांत, आणि सुश्रुतांतही, कुष्ठ हा पापकर्मांचें फळ असल्याचेंही सांगितलें आहे. दुर्दैव असें कीं, समाजानें ग्रंथांतील बीजाचा विचार पोथींतच ठेवला आणि पापाचा विचार तेवढा घरोघर नेला. त्यांतही पाप कोणाचें हें ठरवितांना बोट बहुधा आईकडे वळलें. ग्रहणांत तिनें भाजी चिरली असेल, डोहाळे लागले असतां नको तें पाहिलें असेल, कुळाचार चुकविला असेल. बापाच्या बीजाचा विचार करण्याची तसदी कोणी घेत नसे, आणि अजूनही पुष्कळ घरांत घेतली जात नाहीं.

इंग्रजी अमदानींत वऱ्हाडांत माणसें मोजण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हां तरी या मुलांची नोंद व्हावयास हवी होती. निजामाकडून १८५३ च्या करारानें वऱ्हाड इंग्रजांकडे आलें, १८६७ सालीं तेथें पहिली खानेसुमारी झाली, आणि १८८१ पासून सबंध हिंदुस्थानाबरोबर दर दहा वर्षांनीं ती होऊं लागली. या खानेसुमारींत व्यंगांसाठीं चार रकाने होते: वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. १९३१ पर्यंत हेच चार रकाने चालले. घरोघर फिरणारे गणक म्हणजे बहुधा पटवारी व खेड्यांतील शाळामास्तर. महारोग्याच्या रकान्यापुरती त्यांना एक सक्त सूचना असे. ज्यानें हातापायांची बोटें झडतात तोच रोग लिहावा. नुसते पांढरे डाग, म्हणजे कोड, असलेल्या माणसाचें नांव त्यांत घालूं नये.

सूचना शहाणपणाची होती यांत शंका नाहीं. कोडास महारोग समजण्याची चूक त्या काळीं सर्रास होत असे, आणि वऱ्हाडांतील महारोग्यांची संख्या तशीही मोठी म्हणून गाजलेली होती. पण घाटाखालच्या एखाद्या खेड्यांत जन्मतः खवल्यांची कातडी असलेलें पोर ओसरीवर बसलेलें दिसलें तर गणकानें काय लिहावें? सूचनेंत त्याच्यासाठीं शब्दच नव्हता. महारोगी म्हणून लिहावें, किंवा रकाना कोरा ठेवावा, एवढ्या दोनच वाटा होत्या. पहिली वाट त्या घरास वाळींत टाकणारी होती, दुसरी त्यास अदृश्य करणारी. कोणत्या गणकानें कोणती वाट धरली हें आज कळणें शक्य नाहीं. बेरजेंत दोन्हीं चुका मुरून गेल्या आहेत. पुढें महारोग्यांना निदान माणसें तरी भेटलीं. १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपुरास मनोहरजी दिवाण उभे राहिले, मागाहून अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचें ‘तपोवन’ झालें. ज्या रोगास नांवच नव्हतें त्याचें तपोवन कोण काढणार?

युरोपांत या रोग्यांना नांव मिळालें खरें, पण तें तमाशाच्या पाटीवर. एडवर्ड लॅम्बर्ट नांवाचा इंग्रज अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत साळिंदर-मनुष्य म्हणून प्रसिद्धीस आला. तोंड, तळहात व तळपाय सोडून त्याच्या सर्वांगावर राठ, काळसर कांटे होते. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचें वर्णन वाचण्यांत आलें. त्याच्या मुलांस व नातवांसही तेंच दुखणें झालें, आणि नातू युरोपभर पैसे घेऊन दाखविले गेले. शास्त्रज्ञ मंडळी तिकीट काढून बघावयास जात व घरीं येऊन निबंध लिहीत. अनुवंशाचा कित्येक वर्षांचा पुरावा असा जत्रेंतून गोळा झाला, हें शास्त्राच्या इतिहासांतील फारसें भूषणावह पान नव्हे.

दुसरी नोंद अमेरिकेतील चार्ल्सटन गांवची. ऑलिव्हर हार्ट नांवाच्या पाद्र्यानें १७५० सालच्या ५ एप्रिलच्या रोजनिशींत आदल्या रात्रीं जन्मलेल्या एका अर्भकाचें वर्णन केलें आहे. कातडी कोरडी व कठीण, तिला जागजागीं भेगा, डोळ्यांच्या जागीं रक्ताचे गोळे, तोंड उघडें पडलेलें. तें मूल सुमारें दोन दिवस जगलें. इक्थिऑसिसाच्या सर्वांत भयंकर प्रकाराची ही पहिली लेखी नोंद मानतात. पुढें डॉक्टरांनीं या प्रकारास ‘हार्लेक्विन’ हें इटालियन नाटकांतील विदूषकाचें नांव दिलें. कारण काय, तर त्याच्या अंगरख्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराचीं ठिगळें असत! मरणोन्मुख अर्भकास विदूषकाचें नांव देणाऱ्याच्या रसिकतेविषयीं न बोललेलेंच बरें.

आतां आपल्याकडे वळूं. चार्लस डार्विन यानें पाळीव प्राणी व वनस्पति यांत होणाऱ्या फेरबदलांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या १८७५ सालच्या आवृत्तींत सिंधमधील एका हिंदु कुटुंबाची हकीकत आहे; ती त्यास वेडरबर्न नांवाच्या गृहस्थानें कळविली होती. सिंध तेव्हां मुंबई इलाख्याचा भाग होता. १९३६ पर्यंत तो होता. या कुटुंबांतील चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे झाले कीं, त्यांच्या दोन्हीं जबड्यांत मिळून पुढचे चार बारीक दांत व मागच्या आठ दाढा, एवढेच दांत असत. अंगावर केस नाममात्र, टक्कल लौकर पडे, आणि उन्हाळ्यांत कातडी कोरडी पडून त्यांचे फार हाल होत. डार्विनास नवल वाटलें तें पुढच्या गोष्टीचें. या घरांतील एकाही मुलीस हा रोग झाला नाहीं, पण त्याच मुलींच्या पोटच्या मुलांस तो होई. रोगी बापाचा मुलगा मात्र निरोगी निपजे. म्हणजे रोग बापाकडून मुलाकडे सरळ उतरत नसे. लेकीच्या पदरीं लपून तो नातवाच्या अंगीं प्रकट होई.

डार्विनास याचें कारण सांगतां आलें नाहीं, कारण मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग त्याला ठाऊक नव्हते. तें काम हिंदी माणसानें पुढें नेलें. थडानी हे सिंधमध्यें कापसाच्या अनुवंशाचा अभ्यास करीत. बोंडाचा, सरकीचा, पानाचा कोणता गुण पुढच्या पिढींत कसा उतरतो याचे हिशेब मांडणाऱ्या या गृहस्थांनीं १९२१ सालीं हैदराबाद-सिंधकडील दंतहीन पुरुषांचीं, तिकडे ज्यांना ‘भुडा’ म्हणत त्यांचीं, घराणीं तपासलीं आणि मेंडेलच्या नियमांच्या आधारें त्यांची वंशावळ अमेरिकेतील एका नियतकालिकांत प्रसिद्ध केली. कापसाच्या शेतांतून माणसाच्या कातडीकडे वळलेली ही वाट कपाशीच्या वऱ्हाडास परकी वाटूं नये. दोष स्त्रीकडे असलेल्या दोन ‘एक्स’ गुणसूत्रांपैकीं एकावर असतो. दुसरें चांगलें असल्यानें ती स्वतः बहुधा निभावून जाते. मुलाकडे ‘एक्स’ एकच असल्यानें त्याची सुटका नसते. १९९६ सालीं तें जनुक नेमकें सांपडलें, आणि वेडरबर्नच्या पत्राचा उलगडा सव्वाशें वर्षांनीं झाला.

या रोगांत घाम येत नाहीं, हें वाक्य पुस्तकांत वाचून त्याची कल्पना येत नाहीं. त्यासाठीं बुलढाणा जिल्ह्याचा मे महिना आठवावा लागतो. घाटावर बुलढाण्यास हवा त्यांतल्या त्यांत सुसह्य. पण घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, खामगांवकडे पारा ४३-४४ अंशांवर सहज जातो. अशा वेळीं धडधाकट माणूस घामानें निथळतो म्हणूनच जगतो. ज्याच्या अंगास घाम फुटत नाहीं, किंवा खवल्यांच्या थरामुळें बाहेर येत नाहीं, त्याच्या अंगांत ताप सांचत जातो. लहान मूल तर तासा-दोन तासांत बेशुद्ध होऊं शकतें. याला औषध एकच: पाणी. सिंधमधील ते पुरुष अंग व कपडे ओले ठेवून उन्हाळा काढीत. खवल्यांच्या कातडीच्या मुलासही रोज बराच वेळ पाण्यांत बसवून, कातडी मऊ झाली कीं अलगद घांसून, ओल्या अंगावरच तेल वा व्हॅसलीनसारखा लेप थापावा लागतो. उद्यां पुन्हां तेंच. जेथें उन्हाळ्यांत टँकर केव्हां येतो याकडे सबंध गांवाचे डोळे असतात, तेथें एका पोरापायीं रोजच्या किती घागरी जातात याचा हिशेब त्या घरच्या बायांनाच ठाऊक! शाळेची वेळ, शेतावरचें काम, लग्नकार्याला जाणें, सगळें या हिशेबानें ठरतें. थंडींतही सुटका नसते, कारण कोरड्या हवेनें भेगा वाढतात. पुष्कळांना ऐकूंही कमी येतें, कारण खवले कानांत सांचतात. मास्तर त्यांना मठ्ठ समजून मागच्या बांकावर बसवितात.

सिंधचा रोग लेकीच्या पदरांतून येतो, पण इक्थिऑसिसाचे भयंकर प्रकार बहुधा निराळ्या वाटेनें येतात. त्यांत आई व बाप दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि दोघेही पूर्ण निरोगी असतात. दोन्हीं सदोष प्रति एकाच मुलाच्या वांट्यास आल्या तरच रोग होतो. प्रत्येक गर्भाच्या वेळीं हा संभव चारांत एक. ‘खाण तशी माती’ ही म्हण येथें साफ फसते. दहा पिढ्या खाणींत खोट दिसत नाहीं, आणि एके दिवशीं मातींत ती उघडी पडते. दोघांचा आजोबा एकच असला तर दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव अर्थातच वाढतो. महाराष्ट्रांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल पुष्कळ जातींत आहे. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत या चालीची सविस्तर चिकित्सा केली आहे. ही चाल म्हणजेच रोग असें मात्र कोणी समजूं नये. अशीं हजारों लग्नें होतात आणि मुलें सुदृढ निपजतात. उलट, परक्या घरांतून आलेल्या जोडप्यासही हा रोग गांठूं शकतो. पण ज्या घरांत असें एक मूल होऊन गेलें, तेथें पुढच्या पिढीचीं लग्नें ठरवितांना पत्रिकेपेक्षां रक्ताची तपासणी अधिक उपयोगी आहे.

२०१६ च्या जून महिन्यांत नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयांत एक मुलगी जन्मली. चार्ल्सटनच्या पाद्र्यानें लिहिलेलें वर्णन तिला जसेंच्या तसें लागू पडत होतें. वृत्तपत्रांनीं देशांतील पहिलेंच असें मूल म्हणून तिचीं छायाचित्रें छापलीं. वैद्यकीय नियतकालिकांत त्यापूर्वींही भारतांतील अशा अर्भकांच्या नोंदी होत्या, पण त्यांना मथळे मिळाले नव्हते. ती मुलगी दोन दिवस जगली. १७५० सालीं दोन दिवस, आणि २०१६ सालींही दोनच. मधल्या काळांत शास्त्र थांबलें होतें असें मात्र नव्हे. २००५ सालीं या रोगाचें जनुक सांपडलें. त्याचें नांव एबीसीए-१२, आणि त्याचें काम वर सांगितलेल्या भिंतींत चुना पोंचविण्याचें. १९८४ सालीं इंग्लंडांत असाच जन्म घेतलेली एक मुलगी तिशी ओलांडून पुढें गेली. २०११ सालीं ४५ रोग्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील २५ जिवंत होते. जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनविलेलें औषध ज्यांना तोंडावाटे दिलें गेलें, त्यांपैकीं शेंकडा ८३ वांचले होते. ज्यांना तें मिळालें नाहीं त्यांपैकीं शेंकडा ७६ दगावले होते. अर्थात् जीं मुलें पहिल्या कांहीं तासांतच गेलीं त्यांना औषध देण्यास अवसरच नव्हता, हें हे आंकडे वाचतांना ध्यानांत ठेवावें. तरीसुद्धां ओलसर पेटी, डोळ्यांची निगा, नळीनें दूध आणि जंतूंपासून जपणूक यांनीं कांहीं मुलें वांचतात, एवढें आतां निश्चित झालें आहे.

इतर रोगांतही पाऊल पुढें पडलें आहे. जर्मनींत एर्लांगेन येथील डॉक्टरांनीं सिंधच्या कुटुंबांतील रोगावर पोटांतील गर्भाचाच उपाय केला. जें प्रथिन गर्भास मिळत नव्हतें तें गर्भजलांत टोचून दिलें. २०१६ सालीं जन्मलेल्या त्या जुळ्या मुलांना घाम येऊं लागला. त्याच देशांत बोखुम येथें २०१५ सालीं फोडांच्या रोगानें अंगाची कातडी जवळजवळ नाहींशी झालेल्या एका निर्वासित मुलास त्याच्याच पेशींतील दोष दुरुस्त करून, प्रयोगशाळेंत वाढविलेली नवी कातडी बसविण्यांत आली. सुमारें ८० टक्के अंग नव्यानें मढविलें गेलें आणि मुलगा शाळेंत जाऊं लागला. २०२३ सालीं अमेरिकेंत फोडांवर लावावयाच्या जनुकयुक्त लेपास मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र खेड्यांतल्या शेतकऱ्यास सांगण्यांत अर्थ नाहीं.

सरकारी दप्तरांतील रकान्यांचें काय झालें? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस रकाने केले. त्यांत कुष्ठरोगांतून बरे झालेले आहेत, ॲसिडहल्ल्यानें भाजलेले आहेत. पण जन्मजात खवल्यांच्या वा फोडांच्या कातडीचें नांव त्या यादींत नाहीं. अशा मुलास प्रमाणपत्र हवें असल्यास बोटें आंखडलीं आहेत, डोळा गेला आहे किंवा ऐकूं येत नाहीं, असें दुसरें कांहीं तरी व्यंग दाखवावें लागतें. १८८१ च्या गणकापुढें असलेला पेंच अजून पुरता सुटलेला नाहीं.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें दुर्मिळ रोगांविषयीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. त्यांत ठराविक रोगांच्या उपचारांस पुढें ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली, आणि निवडक रुग्णालयें या कामासाठीं नेमण्यांत आलीं, मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय त्यांतलें एक. मलकापूर किंवा शेगांवहून रात्रीच्या गाडीनें निघालें तर सकाळीं मुंबईस उतरतां येतें. अशा मुलाचें व त्याच्या आईबापांचें थोडें थोडें रक्त घेऊन जनुकाची तपासणी करण्याची सोय आतां देशांत आहे. कांहीं आठवड्यांनीं त्या तपासणीचा कागद हातीं येतो. त्यांत ग्रहणाचा, पापाचा किंवा डोहाळ्यांचा उल्लेख नसतो. एका जनुकाचें नांव असतें, आणि त्याखालीं दोन ओळी: एक सदोष प्रत आईकडून, एक सदोष प्रत बापाकडून.